पास, कुऱ्हाड आणि सहा इंची चाक

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बोलावणं आलं तेव्हा मी म्हणालो, अरे बाबा, कीर्तन ठेवा, कथाकथन ठेवा; जन्मभर लोखंड घासत बसलेल्या माणसाला कशाला बोलावता? तर पोरं म्हणाली, काका, गावात यंदा चौघांनी बेंच ग्राइंडर, म्हणजे विळ्याकुऱ्हाडीला धार लावायची चाकाची यंत्रं, घेतले आणि चारही धूळ खात पडले. म्हणून आलो. त्यातले दोन येतायेता पाहूनही घेतले. एकाची मोटर चांगली, चाक चुकीचं. दुसऱ्याचं चाक बरं आहे, पण तो गडी ग्राइंडर प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवून चालवतो. त्याच्याकडे शेवटी येतो.

दुकानात गेलो की आपला पहिला प्रश्न ठरलेला: किती हॉर्सपॉवरचा? पंपांची सवय ना आपल्याला. पण स्टिकर काय, कोणीही चिकटवतं. नागपूरला इतवारीत जा नाहीतर तालुक्याच्या दुकानात, यंत्र आधी उचलून बघा. बिडाचं अंग आणि तांब्याचं वायंडिंग वजनात लपत नाही. एका हातानं खेळण्यासारखं उचललं गेलं, तर स्टिकरवर काही का लिहिलेलं असेना. मग चालू करून त्यावर पाण्याचा गिलास ठेवायला सांगा. बारीक शहारे उठले तर चालेल. पाणी काठावरून उडायला लागलं तर पैसे खिशातच राहू द्या. आणि बंद केल्यावर चाक किती वेळ फिरत राहतं ते बघा. बेअरिंग चांगली असली तर चाक बराच वेळ थांबायचं नाव घेत नाही. वाईट असली तर घरघर करत लगेच बसतं. दुकानदार कंटाळेल. कंटाळू द्या.

घरच्या कामाला ६ इंची चाक, अर्धा हॉर्सपॉवर म्हणजे ३७३ वॅट, सिंगल फेज, एवढं पुष्कळ झालं. ८ इंची कोणी घ्यावा? ज्याच्याकडे रोज रोटाव्हेटरची पाती येतात, त्यानं. आपल्याकडचे बहुतेक ग्राइंडर मिनिटाला २८०० च्या आसपास फेरे घेतात. तेवढ्याच फेऱ्यांत ६ इंची चाकाची कड सेकंदाला २२ मीटर धावते, तर ८ इंचीची जवळजवळ ३०. घाई वाढली की उष्णता वाढते, आणि नवशिक्याचा घात उष्णताच करते. थ्री फेजच्या मोहात तर पडूच नका. शेतातली थ्री फेज येते रोटेशननं, अन् त्यात एक फेज गेला की मोटर हुंकार देत जळते. हे तुम्हाला मी सांगायला नको, पंपाची मोटर भरून आणायला तुम्हीच जाता.

आता व्होल्टेज. मोटर बनते २३० साठी. संध्याकाळी चक्की सुरू झाली, घरोघरी टीव्ही लागले की इथे १८० वर येतं. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं पडतो, म्हणून १८० ला उरतो साधारण साठ टक्के. त्यावर पात दाबून धरली की फेरे पडतात, मोटर तापते, आणि आपण म्हणतो कंपनी खराब. ग्राइंडरचं काम भर दुपारी काढा, बारा-एकच्या सुमारास. इन्व्हर्टरवर लावू नका. आणि प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन कापलेली असेल तर आज घरी गेल्यावर पहिली ती नीट करून घ्या.

पण हे सगळं झालं यंत्राचं. धार लावतं ते चाक, आणि चाकाबद्दल दुकानात कोणी विचारत नाही. करड्या रंगाचं चाक असतं ॲल्युमिनियम ऑक्साइडचं, म्हणजे कारखान्यात केलेला कुरुंदच. आपला भंडाऱ्याकडचा कुरुंद ऐकला असेल. हिऱ्याखालोखाल कठीण दगड. इंग्रजांचा ‘कोरंडम’ हा शब्द इकडूनच गेला. पुढे अमेरिकेत ॲचेसननं १८९१ च्या सुमारास सिलिकॉन कार्बाइड केलं आणि त्याला नाव दिलं कार्बोरंडम. त्याच्याही पोटात आपला कुरुंद बसलाय. तेच आजचं हिरवं चाक. ते कारखान्यातल्या अतिकठीण कार्बाइडच्या हत्यारांसाठी. विळ्याकुऱ्हाडीला ते लावू नका.

यंत्रासोबत बहुधा ३६ आणि ६० नंबरची करडी चाकं येतात; नंबर मोठा तेवढा कण बारीक. ३६ राहू द्या, वेल्डिंगचे गड्डे अन् पातीचे खांडे काढायला. ६० काढून तिथे ८० नंबरचं पांढरं चाक बसवा, ‘के’ ग्रेडचं. ए पासून झेडपर्यंत चाक कडक होत जातं. इथे लोक उलटं समजतात. पोलाद कडक म्हणून चाकही कडक आणतात. अहो, चाकाचा बोथट झालेला कण गळून पडला पाहिजे, तेव्हा मागचा धारदार कण पुढे येतो. कडक चाक कण सोडत नाही, मग ते काचेसारखं चकचकीत होतं, कापत नाही, नुसतं घासतं आणि तापवतं. चकाकी आली की ड्रेसर, म्हणजे चाकाचा वरचा थर खरवडायचं हत्यार, फिरवा. पितळ, ॲल्युमिनियम या चाकावर धरलं तरी तेच होतं, छिद्रं भरून जातात.

तापण्याचं कौतुक मी स्वतः भोगलंय. वडिलांची कुऱ्हाड होती, ट्रकच्या कमानपाट्यातून लोहारानं घडवलेली. बाभळीवर मारली की टणक आवाज यायचा. नवा ग्राइंडर आला तसा मी हौसेनं ती धरली. धारेवर आधी गव्हाळ पिवळा रंग आला, मग तपकिरी, मग जांभळा, आणि क्षणात मोरपंखी निळा. काय सुंदर दिसला म्हणून सांगू! वडील बाजेवर बसून बघत होते. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहिल्याच घावाला धार मुडपली, टिनाच्या डब्याच्या काठासारखी. निळा रंग म्हणजे पोलाद ३०० अंशांच्या आसपास गेलं, त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला. म्हणून हातमोजे न घालता धरा, बोटाला चटका लागायच्या आत पाण्यात बुडवा. दोन ओढी, एक बुडी.

पाशीचं मात्र वेगळं. डवऱ्याची पास, म्हणजे कोळपणीच्या अवजाराचं आडवं पातं, दरवर्षी ग्राइंडरवर पाजवत गेलात तर तीन हंगामांत ती पट्टी उरेल. लोहार तापवून, ठोकून लोखंड पुढे ओढतो. ग्राइंडर लोखंड खातो. पास लोहाराकडेच न्या, घरी फक्त कड साफ करा.

चाक बसवण्याआधी भोकात बोट घालून लटकवा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं टकटक करा. घंटीसारखं वाजलं तर बसवा. मडकं फुटल्यासारखं बद्द वाजलं तर त्यात तडा आहे. फोडूनच टाका, नाहीतर घरातलं कोणीतरी काटकसर म्हणून पुन्हा बसवेल. चाकाच्या दोन्ही बाजूंचा कागद सोलू नका, चाक आवळताना तो गादीचं काम करतो. वस्तू टेकवायचा टेकू चाकापासून ३ मिलिमीटर, वरची ठिणग्या अडवणारी पट्टी ६ च्या आत. चाक झिजेल तशी दोन्ही पुढे सरकवा. नवं चाक पहिलं मिनिटभर मोकळं चालवा आणि स्वतः बाजूला उभे राहा. डावीकडचा नट उलट्या आट्याचा असतो, त्याच्याशी झोंबून यंत्राला शिव्या देऊ नका. गळ्यातला दुपट्टा काढून खुंटीला, चष्मा डोळ्यांवर.

एकानं मघाशी विचारलं, काका, ४ इंची हँड ग्राइंडर शिकंज्यात आवळून त्यालाच हे चाक लावलं तर? भाऊ, तो फिरतो ११ हजारांनी. ६ इंची चाकाची कड सेकंदाला ८६ मीटरवर जाईल, आणि चाकावर बहुधा ३५ च्या आसपासच छापलेलं असतं. ते चाक राहत नाही, त्याचे तुकडे होतात, आणि तुकडे समोरच्याकडे येतात.

आणखी एक, आपल्याच मुलखातली गोष्ट. डिसेंबर होता, भाव पडलेला म्हणून कापूस घरातच, ओसरीत खिडकीपर्यंत. मी अंगणात रोटाव्हेटरचं पातं घासलं. ठिणग्या खिडकीकडे जात होत्या. मला वाटलं, विझतातच की हवेत. रात्री बायकोला करपल्याचा वास आला. चूल विझलेली. ढिगात हात घातला तर वरून पांढराशुभ्र, अन् आत कोपरापर्यंत गरम काळी पोकळी. कापूस भडकत नाही आधी, आतल्या आत धुमसतो. रात्रभर ओसरी उपसली आम्ही. तेव्हापासून कापूस, कुटार, पऱ्हाटी यांच्याकडे ग्राइंडरची पाठ, तोंड नाही.

बफरचं, म्हणजे चमकवायच्या कापडी चाकाचं, विचारलंत. पोळा आला की पितळी घंटा, तोडे चमकवायला हवा असतो, हे खरं. ग्राइंडरच्याच दुसऱ्या टोकाला बफ लावतात लोक. पण दगडाची भुकटी बफात शिरते आणि पितळावर ओरखडे उमटतात. जुनी १४४० फेऱ्यांची मोटर असेल तर तिला निमुळता स्पिंडल बसवा, ८ इंची शिवलेला सुती बफ चढवा. त्याला पॉलिश लावा, आधी तपकिरी ट्रिपोली, मग लाल रूज. रूज म्हणजे आपल्या गेरूचा बारीक भाऊ, दोन्ही लोहाचं ऑक्साइड. वस्तू चाकाच्या मध्याच्या खाली धरा, म्हणजे सुटली तर जमिनीकडे जाईल. घुंगरमाळ कधीच धरू नका. एक कडी अडकली की माळेसोबत हातही आत जातो. माळ चिंचेनं घासा, आजी घासायची तशी.

तर तो खुर्चीवरचा ग्राइंडर. त्याला हवाय लोहाराच्या ऐरणीखाली असतो तसा बाभळीचा ओंडका, हातभर जमिनीत गाडलेला, माथा कोपराच्या उंचीला, वर चार लांब बोल्ट. ड्रिल मी सोबत आणलंय. ओंडका कोणाकडे आहे सांगा, म्हणजे चहा झाल्यावर तिकडेच जाऊ.