ओढ्यातली चिलटं ओळखायची कशी : अळी, कोष आणि नर

मंडळी, पाऊस उघडला की ट्यूबलाइटभोवती जमणारा प्रत्येक बारीक कीटक डास समजून आपण मारतो. त्यातल्या कितींना चावताच येत नाही. डासासारखी लांब सोंड नाही, पंखांवर खवले नाहीत, बसताना पुढचे दोन पाय वर उचललेले, आणि नराच्या शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, पिसासारख्या झुपकेदार. ही न चावणारी चिलटं, म्हणजेच कायरोनोमिडी कुल. मत्स्यालयाच्या दुकानात ‘ब्लडवर्म’ म्हणून मिळणारी लाल अळी याच कुलातली. तिचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. गाळात ऑक्सिजन कमी पडतो, तिथे तो कामी येतो. बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडच्या खळाळत्या ओढ्यात ऑक्सिजनची ददात नाही, म्हणून तिथल्या बऱ्याच अळ्या हिरवट, पिवळट नाहीतर तपकिरी दिसतात. तेव्हा रंगावरून वर्गीकरण करायला जाऊ नका.

आधी कुलाची खात्री करा. अळीच्या छातीखाली पुढे पायांची एक आखूड जोडी आणि शेपटाकडे दुसरी जोडी हवी. बुड फुगीर आणि दगडाला चिकटलेलं असेल, तर ती चावऱ्या काळ्या माशीची, सिम्युलियमची अळी. मग उपकुल. शृंगिका डोक्यात आत ओढून घेता येत असतील तर टॅनिपोडिनी. या बहुतेक शिकारी. नसतील, तर मेंटम पाहायचा, म्हणजे डोक्याच्या खालच्या बाजूची दातेरी पट्टी. तिच्या दोन्ही अंगांना बारीक रेघांचे पंख्यासारखे पत्रे असले की कायरोनोमिनी. पत्रे बिनरेघांचे किंवा नाममात्र असले की बहुधा ऑर्थोक्लॅडिनी. शृंगिकेच्या तिसऱ्या खंडावर वळी दिसली तर डायमेसिनी. ही मंडळी थंड पाण्यातली. हिमनदीच्या तोंडाशी, पाणी दोन अंशांच्याही खाली असतं तिथे, बऱ्याचदा यातल्याच डायमेसा या वंशाच्या अळ्या सापडतात. नेपाळमधल्या ‘याला’ नावाच्या हिमनदीवरची एक जात उणे सोळा अंशांतही चालताना दिसल्याची नोंद १९८४ची आहे. आपला सह्याद्री इथे हजार मीटरच्या घरातला. त्यामुळे युरोपातल्या किंवा हिमालयातल्या कीटकांच्या ‘किल्ल्या’, म्हणजे लक्षणांवरून नाव शोधायचे तक्ते, घेऊन बसलात आणि उत्तर डायमेसा आलं, तर आधी सूक्ष्मदर्शकाखालच्या आपल्या स्लाइडवर संशय घ्या.

संशयाचं कारण बहुतेकदा स्लाइडच असते. पद्धत अशी. अळीचं डोकं सुईने धडापासून वेगळं करा. डीएनए काढायचा असेल तर धडाचा तुकडा याच वेळी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, कारण पुढच्या द्रावणात तो टिकत नाही. डोकं १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर साध्या तापमानाला ठेवायचं. घाईने तापवलं आणि लक्ष राहिलं नाही, तर स्नायूंबरोबर केसही जातात आणि कवच काचेसारखं होऊन दाते दिसेनासे होतात. मग थोडं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड घातलेल्या पाण्यात धुवायचं, चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून न्यायचं आणि युपॅरलमध्ये, म्हणजे स्लाइडवर नमुना कायमचा बसवायच्या डिंकासारख्या द्रावणात, बसवायचं. पाणी राहिलं तर युपॅरल दुधाळ होतं. डोक्याची खालची बाजू वर हवी. कव्हरस्लिप ठेवताना डोकं जरा कललं तरी मेंटमचा मधला दाता बाजूला सरकल्यासारखा दिसतो आणि नसलेली ‘नवी जात’ तयार होते.

पण उत्तम स्लाइड झाली तरी नुसत्या अळीवरून जात सांगणं बहुतेक वेळा धाडसाचं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन संशोधक थिनेमान हे अळ्या आणि कोष पाहत होते, तर ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड्स प्रौढांवरून वर्ग पाडत होते. दोन्ही मांडण्या जुळवायला पुढच्यांना बराच घाम गाळावा लागला. डोंगरी ओढ्यांतल्या चिलटांवरून स्वीडिश कीटकशास्त्रज्ञ लार्स ब्रुंडिन यांनी १९६६ साली दक्षिण गोलार्धातल्या खंडांचं जुनं नातं मांडलं, तेही तिन्ही अवस्था जमेला धरूनच.

म्हणून पाळायचं. चौथ्या म्हणजे शेवटच्या टप्प्यातली, छाती फुगलेली अळी निवडा. ती लवकर कोषात जाते. एका कुपीत एकच अळी, पाणी त्याच ओढ्याचं आणि सेंटिमीटरभरच खोल, तोंडाला कापूस. पाणी जास्त भरलं किंवा कुपी उन्हात राहिली की वाहत्या पाण्याची अळी गुदमरून मरते. प्रौढ बाहेर आला की लगेच मारू नका, अंग नीट टणक होऊ द्या. अळीची कात, कोषाची कात आणि नर, तिन्ही एकाच स्लाइडवर वेगवेगळ्या कव्हरस्लिपखाली. जात ठरते ती प्रामुख्याने नराच्या शेपटाकडच्या जननांगांवरून.

पाळायला सवड नसेल तर कोषाच्या रिकाम्या काती गोळा करा. त्या तरंगत जाऊन दगडाआड, फेसात अडकतात; अडीचशे मायक्रॉनच्या जाळीने वरचा फेस उचलायचा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडे सोयीचा काळ. भर पावसात लोंढा सगळं धुऊन नेतो. भीमगडसारख्या अभयारण्यात वनखात्याची परवानगी आधी काढा. कुपीतली चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. ठिकाण, तारीख, उंची, पाण्याचं तापमान आणि अळी दगडावर होती की शेवाळात की पाचोळ्यात, एवढं तिच्यावर हवंच. दगडावर हात फुटलेली, त्यांच्यात जाळं ताणलेली नळी दिसली तर ‘रिओटॅनिटार्सस’ हे वंशाचं नाव लिहायला हरकत नाही. मात्र नर हाती येईपर्यंत पुढे जातीचं नाव नको, ‘जात १’ एवढंच लिहा.