कचऱ्याने राखलेला राजवाडा

नमस्कार. पत्रिकेत माझा विषय ‘भूमध्य सागराकाठची नगरं’ असा छापलाय. नगरं हे अनेकवचन आहे, पण मी एकाच गावाबद्दल बोलणार आहे, आणि तेही त्या गावाच्या एका तुकड्याबद्दल, जो चालायला घेतला तर दहा मिनिटांत संपतो. आम्ही तो गाइडबरोबर दोन तास चाललो. तेवढीच माझी सामग्री. संयोजकांनी सांभाळून घ्यावं.

गाव आहे स्प्लिट. क्रोएशियाच्या किनाऱ्यावर. भूमध्य समुद्राचा जो फाटा इटली आणि बाल्कन यांच्या मधे वर घुसलाय, त्या एड्रियाटिकच्या काठी.

आधी माझ्याबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर पुढचं कळणार नाही. एक म्हणजे मी सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालो. जुनी इमारत दिसली की लोक नक्षी बघतात, मी ओल कुठून येतेय ते बघतो. घरातल्यांना याचा ताप होतो. दुसरी गोष्ट, माझा जन्म पुण्यात, नारायण पेठेतल्या वाड्यातला. चौदा बिऱ्हाडं, दोन नळ. मूळ मालकाची ओसरी कधीतरी कुडाने बंद करून तिथे दोन खोल्या काढलेल्या, त्यांतली एक आमची. आमच्या मोरीच्या भिंतीत अर्धा सागवानी खांब होता. उरलेला अर्धा शेजारच्यांच्या स्वयंपाकघरात.

तर स्प्लिटमध्ये सकाळी नऊ वाजता आम्ही दहाबारा जण सोनेरी दरवाजाबाहेर जमलो. तिथे दहाव्या शतकातल्या निन गावच्या बिशप ग्रगुर यांचा प्रचंड ब्राँझचा पुतळा आहे, इवान मेश्ट्रोविच यांनी घडवलेला. त्याच्या पायाचा अंगठा तेवढा पिवळाधमक चमकतो, कारण येणारा-जाणारा हात लावून इच्छा मागतो. आपल्याकडे देवळाच्या उंबऱ्याचं जे होतं तेच. आमच्या गाइडबाई पन्नाशीच्या, गळ्यात ओळखपत्र, हातात मिटलेली लाल छत्री. पहिलंच वाक्य त्यांनी असं टाकलं: “मी या राजवाड्यात जन्मले. माझ्या आजीच्या न्हाणीघरात एक रोमन खांब होता.”

मी हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, “झालं. आता यांना इथून कोण हलवणार.”

राजवाडा कुणाचा, तर रोमन सम्राट डायोक्लेशियनचा. हा इथूनच पाचसहा किलोमीटरवरच्या सलोना या शहराच्या परिसरातला, साध्या घरातला मुलगा. सैन्यात चढत चढत इ. स. २८४ मध्ये सम्राट झाला. एकट्याने एवढं साम्राज्य ओढवत नाही हे ओळखून त्याने चौघांत कारभार वाटला. ३०१ मध्ये महागाई रोखायला हजाराहून जास्त वस्तूंचे कमाल भाव ठरवून दिले, मोडेल त्याला देहान्त. माल बाजारातून गायब झाला, हे तुम्हाला मी सांगायला नको. ३०३ पासून त्याने ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला. आणि ३०५ मध्ये त्याने चक्क राजीनामा दिला. रोमन सम्राट सहसा मरून किंवा मारले जाऊन पद सोडत. हा गावाकडे आला. पुढे त्याला परत बोलवायला माणसं आली तेव्हा म्हणाला, मी इथे माझ्या हाताने लावलेला कोबी बघाल तर असलं काही सुचवणार नाही. निवृत्त माणसाने कसं वागावं याचा इतका चांगला नमुना मला दुसरा माहीत नाही. मीही गच्चीत दुधी लावला होता. परत बोलवायला मात्र कुणी आलं नाही.

त्याने निवृत्तीसाठी बांधलेलं हे घर म्हणजे निम्मा गढीवजा किल्ला, निम्मा समुद्राकाठचा महाल. अंदाजे दोनशे पंधरा मीटर बाय एकशेऐंशी. दोन रस्ते मधे काटकोनात छेदणारे, चार बाजूंना चार दरवाजे: सोनेरी, रुपेरी, लोखंडी आणि पितळी. पांढरा चुनखडक समोरच्या ब्राच बेटावरून आणलेला. पाणी जाद्रो नदीच्या उगमापासून नऊ किलोमीटर कालव्याने. त्या कालव्याची मापं ऐकून मी गाइडबाईंना थांबवलं, म्हटलं, एवढं पाणी एका निवृत्त माणसाला कशाला? त्या हसल्या. म्हणाल्या, तो कालवा एकोणिसाव्या शतकात दुरुस्त करून आमच्या गावाने पुन्हा वापरला, आणि जाद्रोचंच पाणी आम्ही आजही पितो.

आता खरी गोष्ट सुरू होते. सातव्या शतकात आवार आणि स्लाव टोळ्यांच्या धाडींत सलोना उद्ध्वस्त झालं. लोक आधी बेटांवर पळाले, मग परत किनाऱ्यावर आले, आणि समोर काय, तर पंधरा-वीस मीटर उंच तटबंदी असलेलं, बहुतेक रिकामं पडलेलं एक दांडगं घर. ते आत शिरले. दालनांत भिंती घातल्या, ओसऱ्या बुजवल्या, खांबांमधे खिडक्या बसवल्या. त्यानंतर तिथून माणूस हललाच नाही.

हे पेरिस्टाइलमध्ये उभं राहून बघावं. पेरिस्टाइल म्हणजे सम्राटाचा दर्शनी चौक. दोन्ही बाजूंना कमानींच्या रांगा, खांब तांबड्या ग्रॅनाइटचे आणि संगमरवराचे. पश्चिमेकडच्या कमानींमधून घरं बांधून काढली आहेत. खांब भिंतीत गाडलेला, वर रोमन कमान, कमानीच्या पोटात नंतरची खिडकी, खिडकीला हिरव्या झडपा, झडपेला टांगलेली तुळशीसारखी काहीतरी कुंडी. रंगवलेला डबा होता खरं म्हणजे, ऑलिव्ह तेलाचा. मी खांबाला हात लावून तिथेच उभा राहिलो. हा आमच्या मोरीतला खांब होता. फक्त सतराशे वर्षांचा.

चौकाच्या कडेला काळ्या ग्रॅनाइटचा स्फिंक्स बसलाय. सम्राटाने तो इजिप्तहून आणवला तेव्हाच अठराशे वर्षं जुना होता. त्याच्या मागे डायोक्लेशियनचं थडगं, बाहेरून अष्टकोनी, आतून गोल. त्याचीच झाली कॅथीड्रल, संत दोम्नियसची, ज्याला तिथले लोक ‘स्वेती दुये’ म्हणतात. हा दोम्नियस सलोनाचा बिशप. ३०४ मध्ये डायोक्लेशियनच्याच छळात मारला गेला. म्हणजे मारणाऱ्याच्या समाधीत मारलेल्याची वेदी. सम्राटाची शवपेटी नाहीशी झाली, पण घुमटाखालच्या कोरीव पट्ट्यात एक चेहरा त्याचा म्हणून दाखवतात. गेली तेराशे वर्षं तो वरून खालची प्रार्थना ऐकतोय. दाराच्या लाकडी फळ्या १२१४ च्या, आंद्रिया बुविना या कारागिराने कोरलेल्या, येशूच्या आयुष्यातले २८ प्रसंग. आमच्यातल्या एकाने ते मोजून बघितले. गाइडबाई शांतपणे थांबल्या. बहुधा प्रत्येक गटात एक मोजणारा असतोच.

ज्युपिटरच्या देवळाचं बाप्तिस्मागृह झालंय, त्याबद्दल फार बोलत नाही. बाजूला एक बोळ आहे, ज्याचं नावच ‘मला जाऊ दे’ अशा अर्थाचं आहे. समोरून माणूस आला की हेच म्हणावं लागतं. पेठेत वाढलेल्यांना नकाशा लागणार नाही.

मग आम्ही तळघरात उतरलो. मला आज जे सांगायचंय ते इथे आहे.

जमीन समुद्राकडे उतरती. महालाची जमीन एका पातळीत आणायची म्हणून रोमनांनी दक्षिणेकडच्या दालनांखाली दगडी कमानींची तळघरं उभारली. वरच्या भिंतीखाली नेमकी खालची भिंत, कारण भार सरळ खाली जायला हवा. म्हणजे वरच्या मजल्याचा आराखडा खाली जसाच्या तसा. वर राहायला आलेल्यांनी शतकानुशतकं भिंती पाडल्या, फिरवल्या, दगड उचलून दुसरीकडे लावले. सम्राटाची खासगी दालनं कशी होती हे वरून कळायला आज जवळजवळ काही उरलेलं नाही. खाली मात्र सगळं आहे, खोली न् खोली.

ते खाली का राहिलं? गाइडबाईंनी छत्रीचं टोक वर केलं. कमानीत एक भोक होतं, बादली जाईल एवढं. “हा आमचा संडास आणि ही आमची कचराकुंडी,” त्या म्हणाल्या. वरच्या घरांनी जमिनीला भोकं पाडून सगळी घाण खाली सोडली. पिढ्यान् पिढ्या. खरकटं, राख, फुटकी भांडी आणि जे सांगत नाही ते. तळघरं कमानीपर्यंत भरली. भरलेल्या खोलीत कुणाला राहता येत नाही, तिच्या भिंती हलवता येत नाहीत, दगड काढता येत नाही. शिवाय कमानीला आतून आधार. इंजिनियर म्हणून सांगतो, ठरवून केलं असतं तरी याहून चांगला भराव जमला नसता. दुसऱ्या महायुद्धानंतर तो नेटाने उपसला तेव्हा रोमन खोल्या कोऱ्या निघाल्या. आज तिथे दागिन्यांचे गाळे लागतात, एका गाजलेल्या मालिकेतले ड्रॅगनही तिथेच बांधले होते. वास नाही. मी मुद्दाम हुंगलं.

आपण नेहमी म्हणतो, लोकांनी अतिक्रमण केलं आणि वास्तूची वाट लागली. १७५७ मध्ये रॉबर्ट ॲडम हा स्कॉटिश वास्तुविशारद इथे आला, पाच आठवडे राहून त्याने मोजमापं घेतली. व्हेनिसच्या अधिकाऱ्याला तो तटबंदीची टेहळणी करतोय असा संशय होता. १७६४ च्या त्याच्या ग्रंथात राजवाडा मूळचा कसा असेल त्याची देखणी चित्रं आहेत, आणि त्यांत घरं पुसून टाकलेली आहेत. पुढच्या शतकात स्प्लिटमध्येच, नंतरची बांधकामं पाडून राजवाडा मोकळा करावा, अशी योजनाही मांडली गेली. ती पूर्ण झाली असती तर काय राहिलं असतं? सलोना जाऊन बघा. सुंदर जागा आहे. गुडघ्याइतक्या भिंती आणि मधे गवत. दगड इतरांनी नेले, कारण राखायला घरात कुणी नव्हतं. स्प्लिटमध्ये भाडेकरू होते. ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे तो कमानीचा दगड विकत नाही. १९७९ मध्ये युनेस्कोने यादीत घेतलं ते एकट्या राजवाड्याला नव्हे, त्याच्यासकट स्प्लिटच्या जुन्या गावालाही.

रुपेरी दरवाजाने बाहेर पडलं की भाजीबाजार. त्याला तिथे ‘पाझार’ म्हणतात. फारसीतून तुर्कांकडे, तिथून यांच्याकडे. आपल्याकडेही फारसीतूनच. एका आजीबाईंपुढे कोबीचे गड्डे होते. हिने एक उचलून मला दाखवला आणि परत ठेवला. हॉटेलात कोबी घेऊन काय करणार?

फेरी रिवावर संपली, म्हणजे दक्षिण तटाबाहेरच्या ताडांच्या रस्त्यावर. एके काळी समुद्र थेट भिंतीला लागत असे. गट पांगला. मी गाइडबाईंना म्हटलं, आजीचा तो खांब बघता येईल का? त्यांनी फोन काढला. भाड्याने सुट्टीची घरं देणाऱ्या साइटवरचं पान होतं. पांढऱ्या फरशा, काचेचा शॉवर आणि शॉवरच्या मागे खालून दिवा सोडलेला खांब. “ऑगस्टपर्यंत भरलंय,” त्या म्हणाल्या. त्या स्वतः बाहेर, नव्या वस्तीत पाचव्या मजल्यावर राहतात. मग मला आठवलं, सकाळपासून प्रत्येक जुन्या दाराशेजारी आकड्यांचं कुलूप असलेली ती छोटी किल्लीची पेटी मी बघत होतो, आणि दोऱ्यांवर सगळीकडे वाळत होते ते एकाच रंगाचे टॉवेल.

मी त्यांना आमच्या वाड्याबद्दल सांगितलं. चौदा बिऱ्हाडं, ओसरी, मोरीतला खांब.

“मग तो आता कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

म्हटलं, वाडा पाडला. तिथे आता पार्किंग आहे, वर पाच मजले. खांब कुणी नेला ठाऊक नाही.

त्यांनी मान हलवली, छत्री उघडून पाहिली, परत मिटली. त्यांचा अकराचा गट पुतळ्यापाशी थांबला होता.