मैल सव्वीस

[पडदा काळा. कॅसेटची खरखर.]

हा आवाज माझ्या आजोबांचा. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. १९९६ साली, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घराच्या सोप्यावर काकानं टेपरेकॉर्डर लावला. काकाला काश्मीरची लढाई ऐकायची होती. आबा पहिली दहा मिनिटं झाडांवरच बोलतात.

"चीडाची झाडं. आडवी पाडल्याली. एक काढलं की तीनशे पावलांवर दुसरं हाईच."

आबा सॅपर. बॉम्बे सॅपर्स, खडकी. पायदळ लढतं, रणगाडे लढतात. सॅपर त्यांना वाट करून देतो. म्हणजे बऱ्याचदा तोच सगळ्यांत पुढे, आणि हातात बंदुकीऐवजी पहार.

[नौशेरा ते राजौरी रस्त्याचा नकाशा.]

ऑक्टोबर १९४७मध्ये पाकिस्तानातून टोळीवाले काश्मीरमध्ये घुसले. मार्च १९४८मध्ये आपल्या फौजेनं नौशेराजवळचं झांगड परत घेतलं आणि एप्रिलमध्ये राजौरीकडे कूच केलं. डोंगराच्या कडेनं सापासारखा वळत जाणारा रस्ता. त्यावर झाडं पाडलेली, मोऱ्या उडवलेल्या, मातीत सुरुंग पेरलेले आणि वरून मशीनगनचा मारा.

८ एप्रिलला सकाळी अकराच्या सुमारास, मैल सव्वीसजवळ, सुरुंग काढायला निघालेली ३७ असॉल्ट फील्ड कंपनीची तुकडी रणगाड्यांपाशी थांबली होती. तेवढ्यात उखळी तोफांचे गोळे पडायला लागले. दोघे जागीच गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत तुकडीचे प्रमुख होते : सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, कारवारकडचे. राणेंनी उरलेली माणसं गोळा केली आणि काम सुरू केलं. त्या रात्री दहापर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून परत.

आबा त्याच कंपनीत, पण मागच्या तुकडीत. टेपवर ते राणेंचं नाव एकदाच घेतात, तेही आवाज खाली आणून. पुढे राणेंना परमवीर चक्र मिळालं, जिवंतपणी. १९९४ साली ते पुण्यात वारले. आबांनी ती बातमी पेपरातून कापून पाकिटात ठेवली होती.

[हाताचा क्लोजअप. माती. संगीन.]

सुरुंग शोधायची रीत आबांनी मला अंगणात दाखवली होती. संगीन सरळ खाली खुपसायची नाही, तिरकी सारायची. सरळ गेली तर सुरुंगाच्या डोक्यावर दाब पडतो. तिरकी गेली तर टोक कडेला टेकतं. मग बोटांनी माती उकरायची.

"ही तिरकी संगीन मला शिकवली ती झेलमच्या पोरानं. खडकीला माझ्या शेजारच्या खाटंवर हुता. फाळणी झाली, पल्टन वाटली, त्यो तिकडं गेला."

इथं टेपवर बराच वेळ फक्त कोंबड्याचा आवाज येतो.

"सुरुंग घावला की वाटायचं, आरं, ह्यो त्यानं तर न्हाई पेरला?"

बॉम्बे सॅपर्समध्ये मराठे, शीख आणि मुसलमान एकत्र शिकलेले. फाळणीनं फौज वाटली, पण शिकवलेलं कसं वाटणार? माझ्या मते त्या टेपवरचं सगळ्यांत मोठं वाक्य हेच आहे. काकानं मात्र त्यावर पुढचं काही विचारलं नाही. "रणगाडे किती हुते आबा?" असं विचारलं.

[चीडाचं जंगल. रस्ता.]

१० एप्रिलला राणेंची तुकडी पहाटे पावणेपाचला कामाला लागली. पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग. साडेसहाला वाट मोकळी. ११ तारखेला सकाळी अकरापर्यंत चिंगसचा रस्ता खुला झाला. चिंगसला मोगलांची सराई आहे. काश्मीरहून परतताना बादशहा जहांगीर वारला आणि त्याची आतडी इथं पुरली, असं सांगतात. हे ऐकून आबा हसतात : "बादशाच्या टायमाला रस्ता मोकळा आसंल."

त्यानंतर उभ्या आयुष्यात, वादळानं वाटेवर झाड पडलं की आबा लगेच हात लावायचे नाहीत. आधी बुंध्याभोवतीची माती बघायचे. गावातली पोरं हसायची. मीही हसलोय.

[परत काळा पडदा. खरखर.]

१२ एप्रिलला फौज राजौरीत शिरली. काका विचारतो, "राजौरीत काय बघितलंत?"

"पोचलो," आबा म्हणतात.

काका परत विचारतो. उत्तर येत नाही. मग खटका दाबल्याचा आवाज. टेप कुणी बंद केला, ते काकाला आता आठवत नाही. कॅसेटची दुसरी बाजू कोरी आहे.