भिंतीखालचा पाइप

नमस्कार श्रोतेहो.

मिरग लागला. जांबोटी-खानापूरकडं पावसानं धार धरली, की दोन-चार दिवसांत बेळगावच्या जुन्या गल्ल्यांतून एकाच तऱ्हेच्या तक्रारी ऐकू येतात. संडासात पाणी तुंबतंय. न्हाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज येतोय. परड्यात उभं राहवत नाही. मग कुणी ॲसिडची बाटली ओततं, कुणी बांबूची कांब घालून ढोसतं, आणि दोन्ही फसलं की पहार घेऊन अंगण खणायला लागतात. माझं आजचं सांगणं एवढंच, की पहार उचलण्याआधी पाइपात कॅमेरा घाला. आधी बघा, मग खणा.

दवाखान्यात पोटात दुर्बीण घालतात ना, तसाच हा प्रकार. अंगठ्याएवढं मुंडकं, त्यात काच, काचेभोवती बारीक दिवे. मागं ताठ पण वाकणारी लांबच लांब वायर, चक्रावर गुंडाळलेली. चेंबरचं, म्हणजे पाइप तपासायला ठेवलेल्या छोट्या हौदाचं, झाकण उघडायचं, वायर आत सारत जायची, आणि आतलं चित्र पेटीतल्या पडद्यावर बघायचं. कॅमेरा किती फूट आत गेला तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात येतो. मुंडक्यातच एक छोटा ट्रान्समीटर असतो. दुसरा माणूस वर जमिनीवर हातात काठीसारखं यंत्र धरून फिरतो, आणि ज्या जागी खाली कॅमेरा असेल तिथं ते यंत्र ओरडतं. रस्त्याखालच्या मोठ्या गटारींसाठी चाकांवर चालणारा कॅमेरा असतो, पण तो आपल्या घरातला विषय नव्हे.

यंत्राचं एवढं पुरे. आता शहापुरातल्या माझ्या दोन मामांची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाताच येत नाही, घरच्यांना ती पाठ झाली आहे.

थोरले मामा आणि धाकटे मामा. आजोबांचं कौलारू घर, मागं परडं, परड्याच्या कोपऱ्यात उंबर. आजोबा गेल्यावर वाटणी झाली. घराची झाली, भांड्यांची झाली, आणि परड्याच्या मधोमध सहा फुटी भिंत उभी राहिली. संडास मात्र दोघांचे वेगळे असले तरी टाकी एकच, आणि ती धाकट्यांच्या हिश्शात गेलेली. म्हणजे थोरल्यांचा पाइप भिंतीखालून जाऊन धाकट्यांच्या परड्यातल्या टाकीला मिळायचा. वाटणीच्या कागदावर नारळाचं झाड होतं, पण हा पाइप नव्हता.

भिंत झाली आणि पुढच्याच पावसाळ्यात थोरल्यांचा संडास तुंबला. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात पुन्हा. दिवाळीनंतर आपोआप बरं व्हायचं, आणि पंचमीच्या आसपास पुन्हा गुडगुड. थोरल्यांची पक्की खात्री, की धाकटा मुद्दाम पाइपात बोळा घालतो. धाकट्यांचं म्हणणं, त्यांच्याकडं पाव्हणे फार, टाकीनं किती सोसायचं? अकरा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. निरोप असायचे ते माझ्यातर्फे. मैला उपसणारी गाडी दरसाल यायची, टाकी रिकामी करून जायची, आणि आठ दिवसांत थोरल्यांकडं पुन्हा तेच. टाकी रिकामी असताना पाणी तुंबतं, याचा अर्थ खोट टाकीत नाही, टाकीपर्यंतच्या वाटेत आहे. इतकं साधं गणित अकरा वर्षं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी बांधकामात जन्म घालवलेला माणूस!

तीन वेळा खणून झालं. एकदा न्हाणीशेजारी, एकदा तुळशीपुढं, एकदा तर चांगली शहाबादी फरशी फोडून. तिन्ही ठिकाणी पाइप धडधाकट निघाला. तिसऱ्या वेळी मामी म्हणाली, "आता माझ्या चुलीखाली तेवढं राहिलंय, तेही खणा."

मग कॅमेरावाला आला. गोकाककडचा पोरगा, कन्नडच बोलणारा. पहिला प्रश्न त्यानं विचारला, चेंबर कुठं आहे? कुणालाच माहीत नव्हतं. मामीनं चार वर्षांपूर्वी त्यावर टाइल्स बसवून कपडे धुवायचा दगड ठेवला होता.

इथं जरा थांबतो. श्रोतेहो, चेंबरवर टाइल्स बसवू नका हो! दिसायला बरं दिसत नाही म्हणून झाकण गाडून टाकतात. लग्नाचे चार-चार अल्बम कपाटात असतात आणि घराखालून जाणाऱ्या पाइपचा एक फोटो नसतो. वास्तू बघायला माणूस येतो, ईशान्येला टाकी नको म्हणून सांगून जातो. पाइप कुठल्या दिशेला चाललाय ते तो विचारत नाही. असो.

दगड हलवला, टाइल्स काढल्या, झाकण उघडलं. पोरानं आधी पाण्याच्या जोरानं पाइप धुऊन घेतला आणि मग कॅमेरा सोडला. बातमी गल्लीत गेली होती. लहान पोरं भिंतीवर चढून बसली. पूर्वी रविवारी सकाळी टीव्हीपुढं बसायचे तसे सगळे त्या छोट्या पडद्यापुढं. धाकटे मामा आपल्या बाजूनं भिंतीवरून मान उंचावून बघत होते, पण पडद्यावर ऊन येत होतं. शेवटी ते वळसा घालून, रस्त्यावरून, थोरल्यांच्या दारातून आत आले. अकरा वर्षांनी. कुणी या म्हटलं नाही, कुणी का आलात म्हटलं नाही.

आत काय दिसलं? तपकिरी, चकचकीत पाइप. भाजलेल्या मातीचे. पीव्हीसी यायच्या आधी आपल्याकडं हेच घालायचे. दोन-दोन फुटांचे तुकडे, प्रत्येक सांध्यात डांबरी सुतळी आणि सिमेंट. चाळीस फुटांची लाईन म्हणजे वीस सांधे, आणि प्रत्येक सांधा म्हणजे उंबराच्या मुळाला आमंत्रण. माती वाईट नव्हती बरं का, ते पाइप शंभर वर्षंही टिकतात. टिकत नाहीत ते सांधे. पुन्हा सांगतो, जुन्या लाईनीत पाइप नव्हे, आधी सांधा जातो.

दहा फूट, स्वच्छ. सोळा फूट, बाजूनं केसांच्या झुबक्यासारखं काहीतरी लोंबतंय. "नोड्री, बेरु!" पोरगा म्हणाला. उंबराची मुळं. दत्ताचं झाड म्हणून कुणी कापत नाही, आणि ते बरोबर ओलीच्या मागावर सांध्यातून आत शिरलेलं. थोरल्यांचा चेहरा पडला, कारण उंबर त्यांच्या हिश्शात. धाकटे नुसतं खाकरले.

पण कॅमेरा मुळं ओलांडून पुढं गेला. वीस फूट, पाणी काचेवर चढलं. पाइपला तिथं पोट आलं होतं, म्हणजे तो खाली बसलेला आणि त्यात पाणी साचलेलं. तेवीस फुटांवर पाण्यातून कॅमेरा वर आला, आणि समोर पाइपाचं तोंड गोल नव्हतंच. चंद्रकोर! वरचा अर्धा भाग चेपून खाली आलेला. कॅमेरा पुढं जाईना. पोरगा भराभर काही सांगत होता. थोरल्यांची नोकरी सगळी कोल्हापुरात झाली, त्यांचं कन्नड गंजलेलं. त्यांनी पडद्यावरची नजर न काढता शेजारी बसलेल्या माणसाला विचारलं, "काय म्हणतोय रे तो?"

शेजारी धाकटे मामा होते.

धाकटे म्हणाले, "वरून वजन पडलंय म्हणतोय."

"कसलं वजन?"

तेवढ्यात पोराचा जोडीदार काठी घेऊन परड्यात फिरत होता. काठी किणकिणायला लागली, आवाज वाढत गेला, आणि तो जाऊन थांबला ते थेट भिंतीला नाक लावून. त्या वाटणीच्या भिंतीला! घाईघाईत, धड पाया न खणता काळ्या मातीवर उभी केलेली. शहापूर-वडगावकडची काळी माती तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि पावसात फुगून वर. भिंत दरसाल थोडी हलायची, थोडी बसायची, आणि पाइप तिच्याखाली. पावसात पाण्याचा लोंढा वाढला की चंद्रकोर पुरी पडायची नाही. बोळा कुणीच घातला नव्हता.

भिंत चार फूट पाडली. दहा फूट नवा पीव्हीसी पाइप, खाली वाळूची गादी, उतार दर चाळीस फुटांना एक फूट. भिंत परत बांधताना पाइपावर छोटं लिंटल, म्हणजे आडवी तुळई, टाकलं, म्हणजे वजन आता पाइपावर नाही. बुजवण्याआधी पुन्हा एकदा कॅमेरा फिरवला. हे विसरू नका. काम झालं की खड्डा बुजवायच्या आधी पुन्हा कॅमेरा.

समोर काचेपलीकडून मला पाच बोटं दाखवतायत, म्हणजे पाचच मिनिटं. तेव्हा उरलेलं भरभर.

आधी सफाई, मग कॅमेरा. घाण भरलेल्या पाइपात कॅमेऱ्याला काळोखच दिसणार. आधी सफाई, मग कॅमेरा. पाण्याखालचं त्याला दिसत नाही, पाइपाच्या बाहेरची पोकळीही दिसत नाही, आणि बारीक गळती आहे की नाही हे नुसतं बघून कळत नाही, त्यासाठी पाइप बंद करून पाणी भरून पातळी बघावी लागते. पैसे फुटावर घेणार की तासावर, ते आधी विचारा. आणि व्हिडिओ मागून घ्या, फुटांच्या आकड्यासकट.

टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी. उपसलेल्या दिवशीच येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाइपांची तोंडं बघून घ्या.

विहीर असेल तर जास्त जपा. भारतीय मानकाप्रमाणं शोषखड्डा, म्हणजे टाकीतलं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर, म्हणजे साठ फूट लांब हवा. आपल्या गल्लीत अख्खं घर साठ फूट नसतं! मग निदान विहिरीजवळून जाणारा पाइप फुटका नाही ना, एवढं तरी बघा. विहिरी बुजवू नका, एवढंच माझं मागणं. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथं काँग्रेस भरली, तेव्हा आलेल्या माणसांना पाणी पाजायला टिळकवाडीत विहीर खणली, ती अजून आहे. नळाला पाणी आलं नाही की आपण त्यांच्याच आसऱ्याला जातो.

आणि शेवटचं, आवाज चढवून सांगतो. टाकीत माणूस उतरवू नका. डोकंही घालू नका. आतला वायू दिसत नाही, माणूस दोन श्वासांत कोसळतो, त्याला काढायला गेलेला दुसराही. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस आत उतरवणं गुन्हा आहे. गटारात मेलेल्या माणसाच्या घरच्यांना तीस लाख द्या, असं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. आपल्याच कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्डचे बेझवाडा विल्सन यांनी माणसाला मैला उपसायला लावणं बंद व्हावं म्हणून आयुष्य घातलं, २०१६ साली त्यांना मॅगसेसे मिळालं. वायर आत जाते ना? मग माणूस कशाला?

हं, मामांचं राहिलंच. सगळे विचारतात, बोलायला लागले का? लागले की. भिंत कुणी बांधली होती आणि पाणी कुणाचं, यावरून खर्चाच्या वाटणीला तीन आठवडे लागले, आणि ते सगळे बोलण्यात गेले. व्हिडिओची पेनड्राइव्ह कुणाकडं राहायची, यावर मात्र एकमत होईना. शेवटी दोन केल्या.

नमस्कार.