मानेगावात पडलेला दगड

2 एप्रिल 2022, पाडव्याचा दिवस. गुढ्या उतरवून झाल्या होत्या, अंधार नुकताच पडलेला, पावणेआठच्या सुमारास आभाळातून पेटत्या ठिणग्यांची लांबच लांब रांग सरकत निघाली. जळगाव, धुळे, सगळीकडे लोक गच्चीवर. आमच्या गल्लीत आजी ओरडत होती, "तारा तुटना रे, तारा तुटना!", कोणी म्हणे विमान पेटलं, कोणी म्हणे मिसाईल, आणि लहान पोरं तर रडायलाच लागली.

ती उल्का नव्हती. चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा वापरून झालेला टप्पा होता तो, वातावरणात शिरून जळत होता, आणि त्याची एक भलीमोठी धातूची कडी त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरी गावात सापडली. ओळखायची खूण सोपी आहे. रॉकेटचा कचरा सेकंदाला साधारण 8 किलोमीटरने, जमिनीला जवळपास समांतर येतो, म्हणून सावकाश तुकडे होत जाताना दिसतो. उल्केचा वेग 11 पासून 72 किलोमीटरपर्यंत, बोट दाखवेपर्यंत संपलेली असते.

खरी उल्का बघायची तर डिसेंबरातली शेतातली भरीत पार्टी घ्या. वांगी पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजून झाली, कळण्याच्या पुऱ्या खाऊन झाल्या की 13-14 डिसेंबरच्या रात्री शेकोटीपासून लांब बांधावर जाऊन पडायचं, डोळे अंधाराला सरावू द्यायचे. त्या रात्री दिसणाऱ्या उल्का म्हणजे फेथॉन नावाच्या लघुग्रहाने मागे सोडलेला चुरा, एकेक कण ज्वारीच्या दाण्याएवढा नाहीतर त्याहून बारीक. आपल्याला वाटतं घासून जळतो, पण मुख्य काम दाबलेली हवा करते. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड तापतं ना, तसंच, फक्त इथे हवा इतकी जोरात दाबली जाते की ती स्वतःच चमकायला लागते.

हे कण जमिनीवर पोचतच नाहीत. पण एक दगड पोचला होता, आणि तोही आपल्याकडे! 29 जून 1843, एदलाबादजवळचं मानेगाव. एदलाबाद म्हणजे आताचं मुक्ताईनगर. आज त्याचा जेमतेम थोडासा भाग शिल्लक आहे, पण जगभरातले उल्का अभ्यासणारे मानेगावचं नाव ओळखतात आणि आपल्या पोरांना मात्र कोणी सांगत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. हा डायोजेनाइट जातीचा दगड. मंगळ आणि गुरूच्या मध्ये फिरणाऱ्या, पाचशे किलोमीटरहून मोठ्या वेस्टा लघुग्रहाच्या पोटात असे दगड सावकाश थंड होत तयार झाले, तेही साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी, असं मानतात. नंतर कधीतरी वेस्टाला जबर टक्कर बसली, तुकडे उडाले, आणि त्यातला एक फिरत फिरत तापीच्या खोऱ्यात येऊन पडला.

आता शेतात काळा, जड दगड सापडला की उल्का आहे का बघायला लोक आधी लोहचुंबक लावतात. आपली जमीनच बेसॉल्टची, त्यात मॅग्नेटाइट हे लोखंडाचं खनिज असतं, म्हणून चुंबक साध्या दगडालाही ओढतो. उलट मानेगावच्या दगडात लोखंडाचा धातू जवळपास नाहीच, आतून फिकट हिरवट पिवळसर, ठिसूळ. चुंबक लावून बघणाऱ्याने तो उचलून बांधावर फेकून दिला असता.