देवस्थानाच्या आणि चर्चच्या जागेत परवडणारी घरं होऊ शकतात का?

नमस्कार मंडळी, आजचा विषय घराचा आहे, आणि थोडा लांबणार आहे, तेव्हा सावकाश बघा.

गोव्यात जन्मलेल्या, गोव्यातच पगार घेणाऱ्या माणसाला गोव्यात घर परवडत नाही, यासाठी आकडे कशाला हवेत, फोंड्यात नाहीतर म्हापशात एखादा फ्लॅट भाड्याने शोधायला निघा, दोन दिवसात कळतं. किनाऱ्याच्या बाजूला तर पावसाळ्यात रूम मिळते आणि ऑक्टोबर जवळ आला की मालक सांगतो, खाली करा, सीझन आला. मग हॉटेलात काम करणारी बाई, जीएमसीतली, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातली नर्स, वेर्ण्याच्या फॅक्टरीतला पोरगा, सगळे परत सामान बांधतात. मुलांची शाळा बदलते, रेशन कार्डाचा पत्ता जुनाच राहतो, बँकेची पत्रं कुठेतरी तिसरीकडेच जातात.

आणि याच गोव्यात जवळजवळ प्रत्येक गावात देवस्थान आहे नाहीतर चर्च आहे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या नावावर जमीन आहे. भाट आहे, म्हणजे झाडामाडांची जमीन, जुनी घरं आहेत, जत्रेला आणि फेस्ताला भरणारी आणि बाकी वर्षभर रिकामी पडणारी मोकळी जागा आहे. या जागेतल्या थोड्याशा तुकड्यावर कमी भाड्याची घरं बांधता येतील का? मला वाटतं येतील, पण नीट केलं तर, आणि नीट म्हणजे काय तेच आज सांगणार आहे.

आता ही कल्पना परदेशातून उचलून आणली असं कोणी म्हणायच्या आधी आपल्याकडचं बघू. मंगेशीला, कवळ्याला, म्हार्दोळला, रामनाथीला अग्रशाळा आहेत. लांबून आलेल्या कुळाव्यांना, म्हणजे ज्यांचं ते कुलदैवत त्या भक्तांना, उतरायला जागा मिळावी म्हणून देवळाच्या आवारातच बांधलेल्या खोल्या. देवळाला लागून माणसाने राहायचं ही गोष्ट आपल्याला अजिबात नवी नाही.

दुसरं उदाहरण तर मला फारच आवडतं, मुंबईतले कूड. गोव्यातले कॅथलिक खलाशी, आचारी, वाजवणारे, बोटीवर नोकरी मिळेपर्यंत मुंबईत राहणार कुठे, तर गावच्या लोकांनी धोबीतलाव, माझगाव, गिरगाव या भागात जागा घेऊन आपापल्या गावाचे क्लब काढले, तेच कूड. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत अशा कितीतरी गावांचे कूड एकाच छताखाली. आत एक मोठी खोली, भिंतीला लावून ओळीने ट्रंका, ज्याची ट्रंक तिथे त्याची जागा, रात्री चटई अंथरायची. एका बाजूला गावच्या सायबाचं, म्हणजे गावच्या संताचं आल्तार, आपण वेदी म्हणतो ती, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची, भाडं अगदी नाममात्र. नवीन पोरगा गावातून आला की कुठल्या कंपनीच्या ऑफिसात जायचं, कागद कुठले लागतात, आजारी पडला तर कोणाला सांगायचं, हे सगळं तिथेच कळायचं. नुसतं छप्पर नव्हतं ते, सोबत आधार होता. ज्याला आता सपोर्टिव्ह हाऊसिंग म्हणतात त्याचा गाभा हाच.

आणि दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आहेच. टाटा हॉस्पिटलला कॅन्सरच्या उपचाराला आलेले पेशंट आणि त्यांच्यासोबतची माणसं तिथे राहतात. उपचार महिनोनमहिने चालतात, हॉटेल कोणाला परवडणार? गोव्यातूनही लोक टाटाला जातात, ज्यांच्या घरात हे दुखणं येऊन गेलंय त्यांना अशा एका कॉटची किंमत वेगळी सांगायला नको.

आता अमेरिकेत काय चाललंय ते बघू, कारण तिथे याची रीतसर पद्धत बसलीय. तिथल्या पुष्कळ चर्चेसची अडचण अशी की जमीन भरपूर, पण येणारी माणसं कमी झालेली, इमारत जुनी, हातात पैसा नाही. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात एसबी ४ नावाचा कायदा झाला, २०२४ च्या जानेवारीपासून लागू आहे. धार्मिक संस्थेच्या मालकीच्या जागेवर परवडणारी घरं बांधायची असतील आणि कायद्याच्या अटी पाळल्या असतील तर झोनिंग, म्हणजे त्या जागेचा सरकारने ठरवलेला वापर, बदलून घेण्याची लांबलचक भानगड नको, परवानगी द्यायचीच. बदल्यात अट अशी की भाड्याची घरं असतील तर निदान ५५ वर्षं भाडं परवडणारंच ठेवायचं. बर्कलीच्या टर्नर सेंटरने हिशोब केला होता, फक्त धार्मिक संस्थांकडेच बांधकाम होऊ शकेल अशी ४७ हजार एकरांहून जास्त जमीन निघाली.

पण कायद्याच्या आधीपासून लोक हे करतायत. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ईस्ट ब्रुकलिनच्या चर्चेसनी एकत्र येऊन नेहेमाया नावाची घरं बांधली, शहराने ओसाड पडलेली जमीन दिली, चर्चवाल्यांनी बिनव्याजी पैशाचा फंड उभा केला, आणि कामगार कुटुंबांना स्वतःच्या मालकीची घरं मिळाली, अशी हजारो घरं झाली. वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टनमध्ये एका प्रेसबिटेरियन चर्चने तर आपली इमारतच पाडू दिली, जागा ना-नफा संस्थेला विकली आणि २०१९ मध्ये तिथे १७३ परवडणारे फ्लॅट उभे राहिले. ती मंडळी आता त्याच इमारतीच्या तळमजल्यावर भाड्याच्या जागेत प्रार्थना करतात. स्वतःचं देऊळ पाडून शेजाऱ्याला घर द्यायचं, केवढं मोठं मन लागतं याला!

तरी आपल्याकडे विकण्याचा रस्ता नको असं माझं स्पष्ट मत आहे. गोव्यात एकदा जमीन विकली की ती परत येत नाही, आणि भाव बघता शेवटी तिथे कोणाचा तरी व्हिला होणार. लीज हवं. जमीन देवाच्या नावावरच राहते, संस्था ती लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने ना-नफा संस्थेला नाहीतर सोसायटीला देते, बांधणं, भाडं गोळा करणं, नळ गळला तर प्लंबर बोलावणं, हे सगळं त्यांचं काम. हे वेगळं ठेवणं फार महत्त्वाचं आहे. पुजारीबुवांनी किंवा पाद्रीबाबांनी भाडं मागायला दारात उभं राहायचं का? एखाद्याचं भाडं थकलं तर दुसऱ्या दिवशी तो देवळात तोंड कसं दाखवणार?

आता अडचणी, आणि त्या खऱ्या आहेत. देवस्थानं आपल्याकडे अजून पोर्तुगीज काळातल्या १९३३ च्या कायद्याखाली चालतात, महाजन, म्हणजे देवस्थानाचे हक्कदार सदस्य असतात, निवडून आलेली समिती असते, मामलेदार प्रशासक असतो. म्हणजे समितीच्या मनात आलं आणि दुसऱ्या दिवशी पाया खणला असं होत नाही, आणि ते बरंच आहे. चर्चकडे फाब्रिका आहे, म्हणजे चर्चची मालमत्ता बघणारी समिती, त्याच्या वर आर्चडायोसिस, म्हणजे आर्चबिशपचं कार्यालय. त्यात मनात एक जुनी भीती. देवस्थानाच्या आणि चर्चच्या भाटात पिढ्यानपिढ्या मुंडकार, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणारी माणसं, राहत आलेत, १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्यांना संरक्षण मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं, गरीब माणसाला भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, मर्जीवर किती दिवस ठेवणार? पण तेव्हापासून संस्थांच्या मनात बसलंय की कोणाला राहायला दिलं की जमीन गेली. म्हणून मी म्हणते पहिल्या दिवसापासून कागद पक्का हवा, लीज रजिस्टर केलेलं, राहणाऱ्याच्या हातात लेखी भाडेकरार, पावती, त्यात त्याचेही हक्क लिहिलेले.

दुसरी भीती लोकांची. गोव्यात जमिनीचं कन्व्हर्जन, म्हणजे शेतजमीन नाहीतर डोंगर बांधकामासाठी बदलून घेणं, म्हटलं की माणूस दचकतो, डोंगर कापलेले आणि शेतं बुजवलेली आपण डोळ्यांनी बघितलीत. त्यामुळे शेत नको, खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली जमीन, नको, देवराई तर नकोच नको. आधीच सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे वस्तीसाठी ठरवलेल्या भागात, असलेली जागा, जुनी पडकी घरं, वर्षभर बंद असणारी अग्रशाळेची एखादी बाजू, एवढ्यावरच बोला.

आणि मला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते तर राहायला कोण येणार याची. कूड कितीही चांगले असले तरी ते आपल्या गावच्या पुरुषांपुरते होते, बाईला तिथे जागा नव्हती. अमेरिकेत सरकारी पैसा लागला की फक्त आपल्या चर्चच्या माणसांसाठी घरं राखून ठेवता येत नाहीत, अर्ज सगळ्यांना खुला ठेवावा लागतो. आपल्याकडेही तसंच हवं. देवळाच्या जागेत ख्रिस्ती नर्स राहील, चर्चच्या जागेत मुसलमान ड्रायव्हरचं कुटुंब राहील, आणि कोणाला जात विचारली जाणार नाही. हे जमणार नसेल तर एक वीटही लावू नका, कारण मग ती घरं मोजक्या महाजनांच्या नातेवाइकांची होतील.

सुरुवात मात्र छोटीच करा. बांबोळीला जीएमसी आहे, शेजारीच मानसिक आजारांचं इस्पितळ आहे. उपचार संपले, गोळ्या नियमित चालू आहेत, माणूस बरा आहे पण घरचे परत न्यायला तयार नाहीत, अशांना साधी खोली आणि आठवड्यातून एकदा येऊन गोळ्या, बँक, कामधंदा बघणारी एक जाणकार व्यक्ती, एवढं पुरतं. नाहीतर आपल्या गावातली म्हातारी माणसं बघा, मुलं बोटीवर किंवा पोर्तुगाल-इंग्लंडला, मोठ्या घरात एकटी आजी, जिना चढवत नाही. तिला तिच्याच गावात, घंटा ऐकू येईल एवढ्या अंतरावर तळमजल्याची खोली, शेजारी माणसं आणि दुपारचं जेवण मिळालं तर ती आश्रमात कशाला जाईल?

तुम्ही महाजन असाल, फाब्रिकावर असाल, तर येत्या सभेत एवढंच विचारा की आपल्या नावावर सेटलमेंट झोनमध्ये जागा किती आणि त्यातली वर्षभर रिकामी कुठली. यादी लेखी मागा. तुमच्या गावात काय उत्तर मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा, पुढच्या व्हिडिओत एका वकिलाला घेऊन बसणार आहे, लीजच्या कागदात काय काय लिहायचं ते त्यांनाच विचारू.