फंड आला की

(पत्र्याचा बिस्किटाचा डबा उघडतो.)

पगाराच्या पावत्या. वर्षावर्षाचे गठ्ठे. बांधलेलं रबर केव्हाच तुटून कागदाला चिकटलंय. डबा माझ्या वडिलांचा. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते फिटर होते. प्रत्येक पावतीवर कपातीच्या रकान्यात पहिली ओळ एकच, भविष्य निर्वाह निधी. आमच्या घरात त्याचं नाव फंड. आईची कितीतरी वाक्यं ‘फंड आला की’ इथून सुरू व्हायची. फंड आला की गावच्या घरावर कौलं घालू. फंड आला की ताईचं लग्न.

मग कारखान्याच्या गेटला सील लागलं. हिशेब मागायला गेलेल्या कामगारांना तेव्हा कळलं, की शेवटच्या चौदा महिन्यांची कपात पावतीवर झाली होती. फंडाच्या कार्यालयात पोचलीच नव्हती.

(गेटवरचं गंजलेलं कुलूप.)

हा पैसा नेमका कुणाचा? कामगाराच्या पगारातून साधारण १२ टक्के जातात, मालकाने तेवढेच घालायचे. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शनसाठी, १५,००० रुपयांच्या पगारमर्यादेवर मोजून. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हे सगळं जमा व्हायला हवं. एकदा जमा झालं की कंपनी बुडाली तरी त्याला धक्का लागत नाही. दहा वर्षं नोकरी भरली असेल तर ५८व्या वर्षी पेन्शन भविष्य निर्वाह निधी संघटना देते, मालक नव्हे.

घोळ होतो तो त्याआधी. कंपनी आजारी पडू लागली की मालक ज्या पैशाला सगळ्यात आधी हात घालतो, त्यात हा फंड असतो. वीज बिल थकलं तर वीज तुटते, माल देणारा माल थांबवतो. फंड थकला तर मशीन चालूच राहतं. कामगाराला पत्ताही लागत नाही. पगारातून कापून न भरणं हा फौजदारी विश्वासघात आहे, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. तरी हे वर्षानुवर्षं होत आलंय.

आता रांगेबद्दल, म्हणजे बुडालेल्या कंपनीकडून कुणाचं देणं आधी फेडायचं त्याबद्दल. १९८५पर्यंत बंद कंपनीच्या तारण मालमत्तेवर पहिला हात कर्ज देणाऱ्यांचा. त्या वर्षी कंपनी कायदा बदलला आणि कामगारांची देणी त्यांच्या बरोबरीला आली. २०१६च्या दिवाळखोरी संहितेत ही बरोबरी राहिली, पण कामगारांच्या शेवटच्या २४ महिन्यांच्या थकलेल्या देण्यांपुरती. कारकून, अधिकारी त्यांच्या मागे, १२ महिन्यांसाठी. फंडाला मात्र या रांगेत उभंच करायचं नाही, असं संहितेचं कलम ३६ सांगतं. भविष्य निर्वाह निधी, पेन्शन निधी आणि ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाचा निधी, यांतून कामगाराला येणं असलेली रक्कम कंपनीची मालमत्ताच नाही. लिक्विडेटरने, म्हणजे बंद कंपनीची मालमत्ता विकून देणी फेडणाऱ्या अधिकाऱ्याने, ती वाटायला घ्यायची नाही.

(मुंबई विमानतळाची धावपट्टी, संध्याकाळ.)

१७ एप्रिल २०१९. जेट एअरवेजचं शेवटचं विमान मुंबईकडे निघालं. हजारो माणसं घरी बसली. दिवाळखोरीतली कंपनी पुन्हा उभी करू पाहणाऱ्या नव्या मालकांच्या योजनेत कर्मचाऱ्यांसाठी ठेवले होते ५२ कोटी, मागण्यांच्या मानाने अगदी चिमूटभर. कर्मचारी लढले. ऑक्टोबर २०२२मध्ये कंपन्यांचे खटले ऐकणाऱ्या अपील न्यायाधिकरणाने सांगितलं, फंड आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्या, त्यात काटछाट नाही. ३० जानेवारी २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम ठेवला. मोठा विजय होता तो. पण योजनाच मार्गी लागली नाही. ७ नोव्हेंबर २०२४ला त्याच न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. जिंकलेल्या माणसांना पुन्हा लिक्विडेटरच्या दारात यावं लागलं.

आणि एक फट आहे, तिचा मला फार राग येतो. ग्रॅच्युइटीचा वेगळा निधी कंपनीने काढलाच नसेल तर? २०२०मध्ये अपील न्यायाधिकरणाने एका प्रकरणात म्हटलं, निधीच नाही, मग लिक्विडेटरने तो उभा करून द्यावा असं सांगता येणार नाही. म्हणजे ज्या मालकाने पैसे बाजूला काढले, त्याचे कामगार सुरक्षित. ज्याने काढलेच नाहीत, त्याचे कामगार पुन्हा रांगेत. वर्षाला १५ दिवसांचा पगार या हिशेबाने तीस वर्षांची कमाई एका शब्दावर अडते. मराठीत निधी, कामगाराच्या तोंडी फंड.

(मोबाइलवर पासबुकचं पान.)

आज निदान बघायची सोय आहे. यूएएन, म्हणजे कामगाराचा फंडाचा कायमचा नंबर, टाकला की महिन्यामहिन्याची जमा दिसते. पगाराची पावती शेजारी ठेवायची आणि महिने जुळवायचे. मार्च आहे, एप्रिल आहे, मे नाही. मे नाही म्हणजे युनियनला सांगायचं, फंड ऑफिसला लेखी तक्रार द्यायची, कंपनी चालू आहे तोवरच. दिवाळखोरीची नोटीस एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात छापून येते, दाव्याची शेवटची तारीख त्यातच असते. दाव्याला जोडायला लागतात त्या पावत्या.

वडिलांनी म्हणून एकही फेकली नाही. सर्वात वरची पावती शेवटच्या महिन्याची. तिच्यावरही कपातीची ओळ आहे, टाइपरायटरने उमटवलेली, ठळक.